रंग उडालेली जागा

एका नकाशाच्या चोरीची तक्रार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. सेवेत खून पाहिले, दरोडे पाहिले, जमावाच्या दगडांपुढे उभा राहिलो. त्यातल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता सांगता येणार नाहीत. या गुन्ह्यात मात्र रक्त सांडले नाही, कोणी पळून गेले नाही, वर्तमानपत्रात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत, आणि तोच रोज सकाळी चहाच्या वेळी समोर येऊन बसतो. त्यातल्या माणसांची नावे मी सांगणार नाही. जे वारले त्यांची सांगणे बरे नव्हे, आणि जे आहेत त्यांना मी आधीच पुरेसा त्रास दिला आहे.

तेव्हा मी जळगाव शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, नेमणुका वाटून झाल्या होत्या. कोणी मोठे पाहुणे शहरात येणार असल्याने अर्धे मनुष्यबळ बंदोबस्तात अडकले होते. तेवढ्यात ठाणे अंमलदार हसू दाबत आत आले आणि म्हणाले, एक आजोबा आले आहेत, भिंतीवरचा नकाशा बदलला अशी तक्रार घेऊन.

नकाशा चोरीला गेला असे नव्हे, बदलला असे. मलाही हसू आले. म्हातारपणी माणसे काय काय घेऊन ठाण्यात येतात हे पाहिलेले होते. एक आजी तर सून भाताला जास्त पाणी घालते म्हणून अर्ज द्यायला आल्या होत्या. मी म्हटले, पाठवा.

आत आलेले गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेन्सिली, काखेत प्लास्टिकची फाइल. वरणगावच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य काढलेले आणि निवृत्तीनंतर पिंप्राळ्यात एका कॉलनीत राहायला आलेले. सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची. पुढे मीही म्हणू लागलो.

नाना जुने नकाशे जमवत होते, तेही एकाच मुलखाचे. बायबलमध्ये येणारा प्रदेश, म्हणजे इजिप्तपासून जॉर्डन नदीच्या पलीकडपर्यंतचा भाग. दोनशे, अडीचशे वर्षांपूर्वी परदेशात छापलेले आणि हाताने रंगवलेले. असे चौदा नकाशे त्यांच्याकडे होते, आणि त्यातला सर्वांत जुना, पहिला, चोरीला गेला होता. चौकटीत त्याच्या जागी कोणी तरी त्याच नकाशाची रंगीत छापील प्रत बसवली होती.

मी विचारले, नकाशा तोच आहे, मग बदललाय हे कशावरून? नानांनी शांतपणे समजावले. "साहेब, छपाई एक असते, पण रंग भरणारे हात वेगळे असतात. त्या काळी एका टेबलाभोवती बसून बाया-पोरं एकेक प्रत रंगवायची. एकीनं पिवळा दिलेला भाग दुसरी गुलाबी करायची. दोन प्रती सारख्या रंगाच्या कधीच नसतात. कोणी तरी इंटरनेटवरून दुसऱ्याच प्रतीचा फोटो काढून छापलाय."

चोराने गृहीत धरले होते की नकाशा म्हणजे नकाशा. खरे सांगायचे तर माझीही समजूत तीच होती.

मी फिर्याद लिहून घ्यायला सांगितले. मुद्देमालाचे वर्णन म्हणून 'जुना रंगीत नकाशा, एक नग' असे लेखनिकाने लिहिले. मग मी विचारले, ओळखीची खूण काय, थोडक्यात सांगा. नाना म्हणाले, एके ठिकाणी रंग उडालेला आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि तो कसा उडाला ते... माझा फोन वाजत होता. बंदोबस्ताचा होता. मी लेखनिकाला म्हटले, "लिहा, काही ठिकाणी रंग उडालेला." नानांनी फाइल बंद केली आणि दाखवलेल्या जागी सही केली. त्यांची अक्षरे छापल्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी घटनास्थळ पंचनाम्याला मी स्वतः गेलो. दोन खोल्यांचे घर होते. ऊन येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्यांना जुन्या सुती साड्यांचे पडदे केले होते. त्या अंधुक उजेडात भिंतीभर चौकटी. मी जन्मभर घटनास्थळाचे कच्चे नकाशे काढले, कोपऱ्यात बाण काढून उत्तर दाखवायची शिस्त लावून घेतली. इथे वरच्या बाजूला उत्तर नव्हतीच, पूर्व होती. समुद्रात शिडाची जहाजे होती, एक भला मोठा मासा होता. बायबलमधल्या बारा कुळांचे बारा रंग. वाळवंटातून एक तांबडी ठिपक्यांची रेघ नागमोडी फिरत गेलेली. नाना म्हणाले, ती चाळीस वर्षांची वणवण आहे.

मला या सगळ्यात काडीची गोडी नव्हती. पण तपासात माणसाला बोलते ठेवावे लागते म्हणून मी विचारत राहिलो, आणि नाना सांगत राहिले. हिरवा रंग तांब्यापासून करायचे, तो शंभर वर्षांत कागद खातो आणि मागून तपकिरी दिसतो, त्यावरून खरा रंग ओळखायचा. कोणत्या शहरातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडून कोणता नकाशा आला, कोणता बंद पडलेल्या मिशन बंगल्याच्या रद्दीतून निघाला. नंतर माझ्या लक्षात आले की मी दोन तास तिथे होतो आणि त्या दोन तासांत त्या माणसाने खूप दिवसांचे बोलणे बोलून घेतले होते.

नाना जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या केळीवाल्या शेतकरी कुटुंबातले. धुळ्याकडच्या एका मिशन दवाखान्यात परिचारिका असलेल्या ख्रिस्ती मुलीशी त्यांनी लग्न केले. घरच्यांनी त्यांचे नाव टाकले. बापाच्या दहाव्याला हे गावात गेले तर भावाने वेशीवरूनच परत पाठवले. मूलबाळ झाले नाही. बाई दवाखान्यातून निवृत्त झाल्या तेव्हा तिथल्या परदेशी डॉक्टरीणबाईने आपल्या घरातला तो पहिला नकाशा त्यांना भेट दिला. एकदा त्या मुलखात जाऊन यायचे दोघांचे ठरले होते. पासपोर्टही काढले होते. मग बाईंचे आजारपण सुरू झाले आणि पासपोर्ट कपाटातच राहिले. पुढे त्या गेल्या, आणि नाना नकाशे जमवू लागले. ते स्वतः चर्चला जात नव्हते आणि देवळातही नाही. "मला धर्मातलं फार कळत नाही, साहेब. तिला जो मुलूख पाहायचा होता तो घरात आणून ठेवलाय, एवढंच," असे ते म्हणाले.

घरात कोण कोण येते हे विचारले. उत्तर ऐकून मी लेखनिकाकडे पाहिले. दोनच माणसे येत होती.

पहिला धुळ्याचा फ्रेमवाला. मूळचा शिंदखेडा तालुक्यातला, शेती भावाकडे टाकून धुळ्यात दुकान घातलेला. धुळ्यात गल्ल्यांना नावांऐवजी आकडे आहेत, तसल्याच एका गल्लीत देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो तो मढवत बसायचा. बाईंचा तो पहिला नकाशा त्याच्या वडिलांनी मढवला होता. वडिलांमागे हा नानांचे काम करू लागला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो जळगावला यायचा, झालेले काम द्यायचा, नवे न्यायचा. नाना त्याच्यासाठी वांगी भाजून भरीत करायचे. दोघे जेवायचे, मग तो संध्याकाळच्या एसटीने परत जायचा.

दुसरा नानांचा पुतण्या, ज्या भावाने वेशीवरून परत पाठवले त्याचा मुलगा. वर्षभरापासून येऊ लागला होता, दर वेळी केळीचा घड घेऊन. त्याच्याबद्दल सांगताना नानांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी माझ्या रक्ताचे माणूस माझा उंबरा ओलांडून आले, असे ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटले.

तीन दिवसांनी माझ्या खबऱ्याचा फोन आला. तो धुळ्याच्या रद्दी बाजारातला. त्याने कळवले की अमक्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याच्या दुकानात जुने परदेशी नकाशे आहेत, चांगले जपून ठेवलेले. मला वाटले, सुटला गुन्हा. चौकट उघडून परत बंद करायची तर ते काम फ्रेमवाल्याशिवाय कोण करणार? स्टेशन डायरीत नोंद करून पथक घेऊन धुळ्याला गेलो, तिथल्या ठाण्याला कळवले, दुकानाची झडती घेतली. दोन नकाशे मिळाले. चोरीचा त्यात नव्हता. फ्रेमवाला सांगत होता, हे नानांनीच मढवायला दिले आहेत. मी पावती मागितली. पावती नव्हती. बाप-लेकांनी नानांना कधी पावती दिली नव्हती आणि नानांनी कधी मागितली नव्हती. पोलिसाच्या दृष्टीने विनापावतीचा माल म्हणजे संशयाचा माल. बाजारातल्या लोकांसमोर त्याला गाडीत बसवून जळगावला आणले.

चौकशीचा माझा अनुभव असा, की निरपराध माणूस पहिल्या अर्ध्या तासात चिडतो आणि अपराधी माणूस गोड बोलतो. हा ना चिडला, ना गोड बोलला. मान खाली घालून बसून राहिला. त्या गप्प बसण्याचा मला राग आला. वरून बंदोबस्ताचा शीण होता, पण ती सबब मी सांगणार नाही. मी त्याला एक थप्पड मारली. पंचेचाळीस वर्षांचा कर्ता माणूस, घरी कॉलेजात जाणारी मुलगी. तो एकदाच मान वर करून बोलला.

"साहेब, मारनं व्हई तितलं मारा. पन ती फ्रेम मांगेथून दखा. मी चिकटपट्टी लावतच नही. मी खळ लावस, त्यामा मोरचूद ऱ्हास, मंग कागदले कसर लागत नही. नानाना कागदले चिकटपट्टी लावाले मी येडा शे का?"

फ्रेम जप्त मुद्देमालात होती. मी मागवली, उलटी केली. मागचा पुठ्ठा रुंद तपकिरी चिकटपट्टीने बंद केलेला होता. खोकी बंद करायला वापरतात तशी पट्टी. आणि पट्टीच्या आतल्या, चिकट बाजूला दोन काळपट डाग दिसत होते, बोटांच्या आकाराचे. मी खान्देशचाच आहे. केळीचा चीक कपड्याला लागला तर तो कपडा फाटेपर्यंत डाग जात नाही हे मला लहानपणापासून माहीत. केळीच्या बागेत काम करणाऱ्यांच्या बोटांच्या पेरांत तो काळेपणा कायम असतो. केळी भरायच्या खोक्यांना लावतात तीच ही पट्टी होती.

त्याच वेळी बाहेरच्या बाकावर नाना बसले होते. फ्रेमवाल्याला आणल्याचे कळल्यावर सकाळपासून तिथेच होते. पाणीसुद्धा घेतले नव्हते. माझ्याकडे येऊन दोनदा म्हणाले होते, त्याला सोडा, ते दोन नकाशे मीच मढवायला दिलेत, त्याने केलेले नाही. मी दोन्ही वेळा विचारले, मग कोणी केले? दोन्ही वेळा ते गप्प राहिले होते. आता मी फ्रेम हातात घेऊन बाहेर आलो आणि पट्टीवरचे डाग त्यांना दाखवले. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"मी पाहिलेत ते," ते म्हणाले. "लहानपणी माझ्या सदऱ्यांवर असेच असायचे."

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. चोर त्यांना ठाऊक होता, नकाशा त्यांना परत हवा होता, आणि चोराचे नाव मात्र त्यांच्या तोंडून निघणार नव्हते. ते काम त्यांनी पोलिसांवर सोडले होते. आणि पोलिसांनी काय केले, तर त्यांच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या माणसाला थप्पड मारली.

फ्रेमवाल्याला मी सोडले. एसटी स्टँडवर सोडायला गाडी देतो म्हटले, तो नको म्हणाला. बाहेर पडताना नानांजवळ क्षणभर थांबला. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो हळूच बाजूला केला आणि फाटकातून निघून गेला.

पुतण्या गावातच मिळाला, केळी भरायच्या शेडमध्ये. त्याने नाकारले नाही. त्याचे म्हणणे असे होते, की नानांच्या घरी नकाशे पाहून त्याने मोबाइलवर असल्या कागदाला काय भाव येतो ते शोधले, एका बाहेरगावच्या विक्रेत्याशी बोलणे केले आणि तो कागद उचलला. "काकाचंच आहे ना ते? काकाचं म्हणजे आमचंच. आम्हाला काका मिळाला नाही, निदान कागद तरी मिळू द्या," असे तो म्हणाला. मी त्याला सुनावले. पण काका मिळाला नाही हे त्याचे म्हणणे मला आजही पूर्ण खोटे वाटत नाही.

नकाशा एका खोक्यात फोमच्या दोन थरांमध्ये सपाट ठेवलेला होता. चोराने तो नीट ठेवला होता. पुढचे नुकसान मी केले.

जप्ती पंचनाम्याची आमची एक पद्धत आहे. जप्त केलेला कागद नंतर बदलला असा आरोप होऊ नये म्हणून त्याच कागदावर पंचांच्या सह्या घ्यायच्या, खाली तपास अधिकाऱ्याने तारखेसह सही करायची आणि ठाण्याचा शिक्का मारायचा. खरेदीखत असो, चिठ्ठी असो, मी हे शेकडो वेळा केले होते. पंच म्हणून गावातले दोन शेतकरी उभे होते. एकाने विचारले, कुठे करू सही, सगळीकडे तर रंग आहे. मी नकाशावर नजर फिरवली. बारा रंग, ठिपके, डोंगर, नावे, कुठेच मोकळी जागा नव्हती. एकच जागा होती, नदीच्या पलीकडे एका डोंगराजवळ. तिथला रंग उडून कागद उजळ झाला होता. मी तिथे बोट ठेवले आणि म्हटले, इथून सुरू करा.

दोघांनी बॉलपेनने सह्या केल्या. मी माझी सही केली, तारीख टाकली. शिक्का मारला. मग खाकी पाकिटात बसावा म्हणून नकाशाची चौपदरी घडी घातली आणि लाखेची मोहोर लावली. सगळे अगदी नियमाप्रमाणे झाले.

ओळख पटवण्यासाठी नानांना ठाण्यात बोलावले. पंचांसमक्ष पाकीट उघडले, घडी उलगडून टेबलावर ठेवली. नाना वाकले. जवळून पाहत राहिले. मला वाटले, घडीच्या रेषा पाहून वाईट वाटले असेल. मग सह्या सुरू होतात तिथे त्यांनी बोट नेले, पण टेकवले नाही.

"साहेब, इथं तिचं बोट होतं."

म्हणजे काय, असे मी विचारले. आजारपणात बाई रोज संध्याकाळी तो नकाशा मांडीवर घ्यायच्या. तेव्हा तो काचेत नव्हता. इजिप्तपासून बोट ठेवून त्या ठिपक्यांच्या रेघेवरून चालत निघायच्या आणि दर वेळी याच डोंगरावर येऊन थांबायच्या. त्यांच्या धर्मग्रंथात एका म्हाताऱ्या पुढाऱ्याने चाळीस वर्षे आपली माणसे वाळवंटातून चालवली, आणि शेवटी या डोंगरावरून त्याला देवाने कबूल केलेली भूमी दिसली, पण तिथे पोचणे त्याच्या नशिबी नव्हते. बाई म्हणायच्या, इथून दिसतं, माझं तेवढ्यावर भागतं. दोन वर्षे रोज एकाच ठिकाणी बोट टेकून तिथला रंग गेला होता. शेवटी शेवटी हात चालेना तेव्हा नाना त्यांचे बोट धरून तिथे नेऊन ठेवायचे.

ज्वारीच्या दाण्याएवढी जागा. फिर्याद देताना हेच ते मला सांगणार होते.

मी माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही. टेबलाभोवती पंच होते, कर्मचारी होते, मी निरीक्षक होतो. नानांनी ओळख पटल्याच्या कागदावर सही केली. आम्ही नकाशा त्याच घड्यांवर परत दुमडून पाकीट बंद केले.

त्यानंतर नाना दर सोमवारी ठाण्यात येऊ लागले. मुद्देमाल न्यायालयाच्या हुकमाशिवाय देता येत नाही आणि मोहोर उगाच तोडता येत नाही. म्हणून ते मुद्देमाल कारकुनाला फक्त पाकीट दाखवायला सांगायचे. चोरीच्या पाणबुड्या मोटारी, तांब्याच्या तारा, दारूचे कॅन यांच्यामधून कारकून ते पाकीट काढून आणायचा. नाना ते जमिनीवर नाही ना, ओल नाही ना, एवढे पाहायचे आणि परत द्यायचे. मग माझ्या खोलीत चहा घ्यायचे. मला रागाने एक शब्द कधी बोलले नाहीत. फक्त कधी कधी विचारायचे, तो धुळेवाला काही बोलला का? मी म्हणायचो, फोन करतो त्याला. केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होतो?

पुतण्याला जामीन मिळाला. गावाकडून पुन्हा कोणी पिंप्राळ्याला आले नाही. फ्रेमवालाही नाही. एका सोमवारी नाना सहज म्हणाले, "मी तक्रार द्यायलाच नको होती, साहेब. नकाशा गेला असता, माणसं राहिली असती."

नानांनी ताब्यासाठी न्यायालयात अर्ज केला होता. त्यावर पोलिसांचे म्हणणे मागवले गेले. ते लिहायला दहा मिनिटे पुरतात. तो कागद माझ्या टेबलावर आठ महिने पडून होता. कामाचा ताण होता हे खरे. पण त्याहून खरे हे, की ती फाइल उघडली की पंचनाम्यावरची माझी सही दिसायची, म्हणून मी ती ढिगाच्या तळाशी सारत राहिलो. उन्हाळ्यात बदलीचा आदेश आला, टेबल आवरताना तो कागद वर आला, आणि शेवटच्या दिवशी मी 'हरकत नाही' असे लिहून पाठवले.

पुढे दोन वर्षांनी निवृत्त झालो. धुळ्यात घर बांधले होते. पत्नीला तिथे जेमतेम सहा महिने राहता आले, मग ती गेली. मुलगी नाशिकला असते, फोन करते, बोलावते. चार दिवस जाऊन येतो. बाकी दिवस घरात माझ्याच चपलांचा आवाज ऐकतो. गणवेश होता तेव्हा शंभर लोक नमस्कार करायचे. आता दूधवाला 'साहेब' म्हणतो तेवढेच. त्या दोन तासांत नाना माझ्याशी एवढे का बोलले, हे मला इथे राहायला आल्यावर कळले.

मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी दारात तो फ्रेमवाला उभा राहिला. केस पांढरे झाले होते. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेली चौकट. पत्ता त्याने धुळ्याच्या ठाण्यातून काढला होता. बस म्हटले तर उभाच राहिला.

नकाशा ताब्यात मिळाल्यावर नाना स्वतः एसटीने धुळ्याला त्याच्या दुकानी आले होते. घड्या पडलेला कागद आणि मागचा पुठ्ठा त्याच्यापुढे ठेवून नव्याने मढवायला सांगितले. हा कामात मान घालून बसला, नीटसे बोलला नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे केला नाही. नाना थोडा वेळ बसून निघून गेले. त्यानंतर महिन्याभरात पिंप्राळ्याहून कोणाचा तरी निरोप आला की नाना गेले.

"नानास्नी सांगेल व्हतं, 'मी परत नही उनू ते हाऊ नकाशा साहेबले दी दे'," तो म्हणाला. "तुम्हना दारले यावानं मन व्हयेना. तीन वरीस गयात."

मी चादर सोडली. घड्यांना त्याने मागून तलम कागद लावून सांधले होते. चिकटपट्टी कुठेच नव्हती. सह्या तशाच होत्या, माझी सर्वांत खाली. मागच्या पुठ्ठ्यावर नानांच्या छापल्यासारख्या अक्षरांत पेन्सिलीने लिहिले होते: 'साहेबांना द्यावा. त्या जागेची गोष्ट आता फक्त त्यांनाच माहीत आहे.'

त्या दिवशी मी त्याच्यासमोर हात जोडले. तेव्हाच्या थपडेबद्दल माफी मागितली. त्याने माझे हात खाली केले.

"त्या थापडनं काही नही, साहेब. ती मी कव्हयच इसरी गऊ. पन त्या दिनपाईन मी नानाकडे जानं बंद करं. नाना दर महिनाना पहिला रविवारले वाट दखत ऱ्हायनात. ते माले अजून टोचस."

मग त्याने पिशवीतून हातोडी काढली, माझ्या आरामखुर्चीसमोरची भिंत ठोकून पाहिली आणि नकाशा टांगून दिला. ऊन येते म्हणून खिडकीला पडदा लावायला सांगितले. मी पत्नीची एक सुती साडी काढून लावली.

तपासाबद्दल लोक अजून विचारतात, तरुण अधिकारी भेटायला येतात तेव्हा अनुभवाचे बोल मागतात. मी त्यांना एकच सांगतो, फिर्यादी ओळखीची खूण सांगत असेल तेव्हा फोन उचलू नका. ते हसतात. मी पुढचे सांगत नाही. एखादी वस्तू शोधून परत देणे हे आमचे काम, पण ती वस्तू त्या माणसाची कोण होती हे विचारायला आम्हाला वेळ नसतो, आणि माझ्यापुरता तो वेळ निघून गेला आहे.

जाताना फ्रेमवाल्याला मी म्हटले, महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवायला येत जा, मी भरीत करतो. त्याने पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेला. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी वांगी भाजून ठेवली, दोन वाजेपर्यंत थांबलो, मग एकटाच जेवलो. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसेच झाले, आणि त्याच्याही पुढच्या. त्याच्यावर माझा राग नाही. राग धरायचा मला हक्कही नाही.

परवा पुन्हा पहिला रविवार आहे. आजच बाजारातून वांगी आणली आहेत.